दिगूमामाची टाळी

मंचावर पाच खुर्च्या आणि चार माणसं आहेत. डावीकडून मोजायचं तर गिटारवाला, गाणारा, मग एक रिकामी खुर्ची, नुसत्या टाळ्या देणारा जाड माणूस आणि टोकाला नाचणारी बाई, जी अजून उठलेली नाही. पाण्याच्या बाटल्या दोन. गिटारच्या तारा सहा. व्हिडिओ अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे आणि त्यातली दोन मिनिटं दहा सेकंद संपली आहेत.

विनया हे सगळं दिवाणावर आडवी पडून मोजते आहे. झोप येऊ लागली की मोजत राहायचं ही तिची सवय. आकडे घसरायला लागले की समजायचं, आता डोळा लागतोय. रविवारची दुपार आहे, अडीच वाजलेत. इचलकरंजीच्या या गल्लीतले माग आज बंद आहेत, त्यामुळे एरवी भिंतींतून येणारी खटखट नाही. दारात सुलभामामी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली आहे. मघाशी तीच म्हणाली, "लाव की गं तुमचं ते खडाखड नाचणं. घर लई गप्प झालंय."

म्हणून विनयानं टीव्हीवर स्पेनमधलं फ्लामेंको लावलं. दिगूमामा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

दिगूमामा तिच्या आईचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं तो मागांच्या शेडमध्ये जॉबर होता. बिघडलेला माग ताळ्यावर आणणं हे त्याचं काम. तरुणपणी पाचसहा वर्षं तबला शिकला होता. दोन-अडीच वर्षांपूर्वी मोबाईलवर तबला शोधता शोधता त्याला स्पेनमधली एक नाचणारी बाई सापडली आणि त्यानं लगेच भाचीला फोन केला. "हिच्या टाचांत एकताल हाय. बारा मात्रा. खोटं वाटत असलं तर येऊन मोज." विनया फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून सूत तपासायच्या प्रयोगशाळेत लागलेली. मोज म्हटल्यावर ती आलीच. बारा भरल्या. तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोघं मामाच्या घरी या टीव्हीसमोर.

भाषा दोघांनाही येत नव्हती. गाणारा डोळे मिटून लांबलचक "आय" म्हणायला लागला की मामा म्हणायचा, "ह्याची म्हैस आटली." गिटारवाल्याची बोटं पंखा उलगडावा तशी तारांवरून फिरली की पुढं सरकून बघायचा, "धागा तुटत कसा न्हाई ह्याचा?" आणि बारा मोजून झाल्या की तेराव्याला, म्हणजे पुन्हा एकावर, मांडीवरचा रुंद हात उचलून दणदणीत टाळी द्यायचा. सम एकावर असते, हे त्याला तबल्याच्या क्लासात मिळालं होतं. तिलाही त्याच्याकडून तेच मिळालं होतं. दोन वर्षं दोघांनी एकावर टाळ्या दिल्या.

मग विनयानं एका रविवारी तो आवाज कॉम्प्युटरवर घेतला आणि आलेख काढला. जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर होता. सगळ्यांत मोठा बारावर. एकावर काहीच नव्हतं. तिनं आलेख छापून आणला, लाल पेनानं खुणा केल्या आणि मामासमोर धरला. "मामा, आपण दोन वर्षं चुकीच्या जागी टाळी देतोय."

मामानं कागद लांब धरून पाहिला. "बरं," म्हणाला.

त्यानंतरचे सात रविवार तो हात गुडघ्यांवर ठेवून बसला. पाहायचा, ऐकायचा, म्हशीचं बोलायचा. पण टाळी एकदाही दिली नाही. एकावर नाही, बारावरही नाही. आठवा रविवार यायच्या आधी, गुरुवारी, तो झोपेतच गेला. आपण त्याच्या हातून काही काढून घेतलं, की काहीच नाही, एवढंच विनयाला कळायला हवं आहे. सात रविवार होते, एकाही रविवारी तिनं विचारलं नाही.

शेंगा फुटतात. चार मिनिटं पाच सेकंद. मंचावर पाच खुर्च्या आणि पाच माणसं आहेत.

विनया पुन्हा मोजते. गिटारवाला, गाणारा, दिगूमामा, जाड माणूस, बाई. पाच. मामा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि बनियन घालून बसलाय, केसांत कापसाचे तंतू अडकलेत. त्याला तिथं कोणी काही विचारत नाही. जाड माणसानं त्याच्यासाठी कोपरही आवरून घेतलंय.

"मामा, तू इथं कसा?"

"जागा मोकळी होती की," मामा म्हणतो. "सरक जरा. बाईला उठायचंय."

विनया सरकते. म्हणजे ती मंचावर आहे. पण खुर्च्या पाचच, मग आपण कशावर बसलोय हे तिला कळत नाही. खाली बघते तर पाय आहेत, खुर्ची नाही. बाई उठते, झालरीचा घोळ एका हातात गोळा करते आणि टाच आपटते. त्याबरोबर पहिला माग सुरू होतो.

शेडमध्ये चोवीस माग आहेत. विनया ओळीनं मोजते आणि परत येताना सव्वीस भरतात. बाई दोन ओळींच्या मधल्या बोळातून नाचत पुढं जातेय, तिच्या टाचा आणि मागांचे धोटे एकाच चालीत वाजतायत. खाली पसरलेल्या सुतात तिचा पाय अडकत कसा नाही, याचं उत्तर विनयाला हवं आहे. पण ते विचारायला ती आलेली नाही, हेही तिला ठाऊक आहे. काय विचारायला आली होती?

गिटारवाला सुताच्या पेटीवर बसून वाजवतोय. त्याच्या गिटारला तारा किती हे ती बघते. तारा नाहीत, ताणा आहे, कापडाचा अख्खा ताणा, शेकडो धागे, आणि त्याची बोटं त्यावरून फिरतायत.

"तुटत न्हाई बघ," मामा कानाशी म्हणतो. "तुला सांगत हुतो."

गाणारा डोळे मिटून "आय" धरतो. या खेपेला विनयाला प्रत्येक शब्द कळतो. स्वच्छ मराठीत आहेत सगळे. पण एक कळला की आधीचा पुसला जातो, त्यामुळे तो काय गातोय हे तिला सांगता येणार नाही. मधेच तो थांबतो, डोळे उघडतो आणि थेट तिच्याकडे बघतो.

"म्हैस कुणी सांगितली?"

विनया मामाकडे बोट दाखवते.

"मी न्हाई," मामा म्हणतो. "ही शिकलेली हाय, हिनंच काढलं आसंल काहीतरी."

"मामा!"

"बरं, मी म्हणालो. आटली न्हवती व्हय?"

गाणारा जरा विचार करतो. "आटली होती," तो म्हणतो, आणि पुन्हा डोळे मिटतो.

आता मामा आणि विनया दोघंच तिच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात आहेत. मामा दोन पायऱ्या वर बसलाय. माग अजून वाजतायत, भिंतीपलीकडे असावेत. जिन्यातल्या घड्याळात काटे नाहीत, आकडे तेवढे आहेत. विनयाच्या हातात तो आलेखाचा कागद आहे. तिला तो लपवायचा आहे, पण ओढणी मापाला पुरत नाही. घडी घालावी तसतसा कागद वाढतो, दोन पायऱ्या, चार पायऱ्या, आणि लाल खुणा सगळ्या वर येतात.

"दाव की," मामा म्हणतो. "किती झाकशील?"

"मी तो आणायला नको होता."

"का? बरोबर हुता न्हवं?"

"बरोबर होता."

"मग?"

विनयाला एकदम आठवतं, काय विचारायचं होतं ते. इतकं सोपं की तिला भीती वाटते, बोलेपर्यंत तेही पुसलं जाईल. म्हणून ती घाईनं बोलते. "तू टाळी का बंद केलीस? तुला वाईट वाटलं?"

"वाटलं की," मामा म्हणतो. "चार दिवस."

"चारच?"

"तू मोज. मला मोजायला कोण लागलंय? चार, पाच. सुलीला म्हणालो, पोरीनं कागदावर धरलं मला."

"मग नंतरचे सात रविवार?"

मामा बनियनवरचा कापूस वेचतो. जिन्याच्या पायऱ्या मधल्या मधे कमी झाल्यात, आता तो तिच्या शेजारीच आहे, आणि जिना म्हणजे मामाच्या घराचा दिवाण आहे, फक्त उलटा, टीव्हीकडे पाठ करून. टीव्हीतली माणसं दोघांच्या पाठीकडे बघत असणार.

"माग बिघडला की जॉबर पयल्यांदा काय करतो?" मामा विचारतो.

"तेल घालतो?"

"तेल घालतो म्हणे. एवढं सूत तपासतीस आन् मागाचं काही ठावं न्हाई. पयल्यांदा हात काढून घ्यायचा. हात लावून ऐकू येत न्हाई. हात काढायचा आन् नुस्तं ऐकायचं, कुठं चुकतोय ते. चार दिवस लागोत न्हाईतर महिना."

"म्हणजे तू ऐकत होतास."

"मग काय झोपलो हुतो?"

"सांगायचं होतंस."

"सापडल्यावर सांगणार हुतो. आर्धं काय सांगायचं?"

विनयाला रडू येईल असं वाटतं, पण येत नाही, कारण एक शंका मधे आलीय आणि ती सुटेपर्यंत बाकी सगळं थांबलंय. हे सगळं तिला हवं तसंच चाललंय. फार हवं तसं. जॉबर हात काढून घेतो, हे तिनं कधी ऐकलं होतं का? ऐकलं असेल, तर हे बोलणं तिच्याच डोक्यातलं. ऐकलं नसेल, तर... या दोन्हींत फरक कसा करायचा, याची रीत तिला माहीत असायला हवी. ती शिकली आहे. तिला आठवत नाही.

"मामा, हे तू बोलतोयस की मीच?"

"मला काय विचारतीस? मी मेलोय."

"हो, पण..."

"आन् मी बोललो, म्हणून तू इश्वास ठेवणार हाईस व्हय? कागद मागशील." तो हसतो. हसताना त्याचा खोकला नेहमीच्याच ठिकाणी येतो. "बरं, ते ऱ्हाऊ दे. बाई वळणार आता. ऐक."

पाठीमागं गिटारची बोटं उलगडतात. बाईच्या टाचा बारीक होत होत इतक्या जवळ जवळ येतात की एकच गडगड ऐकू यावी. जाड माणसाच्या टाळ्या आतून पोकळ, दबलेल्या, कुठं तरी खोल. विनया मोजायला लागते. एक, दोन, तीन. तीनवर जोर आहे. सहा. आठ. तिला आलेख दिसतो आहे, लाल खुणा, आणि तरी मधे कुठंतरी एक आकडा जास्तीचा येतो. नवानंतर पुन्हा नऊ. भिंतीवरच्या घड्याळात बारा वर आहेत, अगदी माथ्यावर. ते कायमच तिथं होते.

"सापडली टाळीची जागा?" ती विचारते.

"डावा हात आण."

ती डावा हात पुढं करते. मामा तो खालून धरतो, तळवा वर करतो, जरा वाकडा करून बघतो, मागाचा एखादा भाग बघावा तसा. त्याचा हात गरमही नाही, गारही नाही. मग तो आपल्या उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवतो, ताठ. त्यानं अशी टाळी कधी दिली नव्हती. हे त्या जाड माणसाकडून घेतलेलं. सात रविवार बघून.

"मोज," मामा म्हणतो. "मोठ्यांदा. चुकलो तर तिथल्या तिथं सांग. नंतर कागद नको."

"आठ," विनया म्हणते. "नऊ. दहा."

मागांची एक ओळ थांबते. मग दुसरी. गाणाऱ्यानं श्वास आत घेतलाय, तो तिला ऐकू येतो.

"अकरा."

सगळे माग थांबतात. बाईचा एक पाय हवेत आहे. विनयाचं तोंड उघडं आहे, त्यात पुढचा आकडा आहे, आणि तो बारा आहे की एक, हे तिला या क्षणी ठरवता येत नाही. मामाचा हात खाली येतो.

टीव्हीचा पडदा काळा आहे. व्हिडिओ संपून गेलाय. दारात मामीच्या पुढ्यात टरफलांचा ढीग आणि शेंगदाण्यांची परात आहे, आणि तीन वाजायला सहा मिनिटं आहेत.

"लागली व्हय झोप?" मामी विचारते. "च्या ठेवू?"

"मामी, मी टाळ्या वाजवत होते का गं? झोपेत?"

"टाळ्या? न्हाई बा. उजवा हात उशाखाली, डावा पोटावर. हललीसुदिक न्हाईस. मी म्हणलं, दमलीय पोर."

"आवाज काही आला?"

"कसला? मी हितंच हाय न्हवं." मामी तिच्याकडे नीट बघते. "काय झालं?"

विनया डावा हात उघडून मामीसमोर धरते. तळव्यावर तीन लाल पट्टे आहेत, शेजारी शेजारी, बोटांच्या मुळापासून मनगटाकडे गेलेले. मामी पदरानं स्वतःचे हात पुसते, पुढं होते आणि एक बोट त्या पट्ट्यांवरून हळूच फिरवते.

"फिकट हुतील," ती म्हणते. "मोजणार असलीस तर आत्ताच मोज."

शिलाई मशीनच्या खणात स्टीलची पट्टी आहे. विनया ती दिव्याखाली धरते, शून्यापाशी नख ठेवून तिन्ही लाल पट्ट्यांची मिळून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रुंदी घेते. एकदा, मग हात सैल सोडून पुन्हा, मग पट्टी उलटी करून तिसऱ्यांदा. मग स्वतःच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवून पट्टीवर ठेवते. मामी न सांगता आपला हात पुढं करते. तिच्या तीन बोटांचंही माप घेऊन होतं.

शेंगांच्या कागदी पिशवीवर ती पेन्सिलीनं लिहिते. माझी तीन बोटं, सत्तेचाळीस मिलिमीटर. मामीची, एकोणपन्नास. खूण, तीनदा मोजून: अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न.