रॅममधली भजनं आणि माझ्या खिशातला पेन ड्राइव्ह

मित्रांनो, आज सकाळी मारुतीच्या देवळात मी जसं वागलो, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

एकोडीच्या आमच्या देवळातला लिनक्सवाला जुना कॉम्प्युटर आठ वर्षं मीच सांभाळतो. त्यावर लावलेलं भजन मध्येच अडखळायचं. गेल्या आठवड्यात गावातल्याच तरुण दिनकरने त्यावर रॅम डिस्क केली, म्हणजे मेमरीतच एक कप्पा करून भजनं त्यात ठेवली. आवाज एकदम सलग येऊ लागला.

"आठ साल तू काय करून राहिला होता गा?" लोक मला हसले. मी जळलो.

आज लाइट जाऊन आली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण तो कप्पा रिकामा. वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, आणि दिनकरने कॉपी न करता मूळ फाइलीच तिकडे हलवल्या होत्या. आमचे भजनीबुवा आता नाहीत. त्यांचा आवाजही त्यातच होता.

सगळ्याची प्रत असलेला पेन ड्राइव्ह माझ्या खिशात होता. तरी मी विचारलं, "काहून गा दिनकर, अटकलं का?" आणि त्याला फुटलेला घाम बघत उभा राहिलो.

तो हळूच म्हणाला, "भाऊ, तुमच्यापाशी असनच. तुम्ही सारं जपून ठेवता."

मी मान खाली घालून पेन ड्राइव्ह दिला. त्याने तो लावला आणि बुवांचा आवाज न अडखळता घुमला. लोक म्हणाले, "वा दिनकर!" आणि खरं सांगतो, मी पुन्हा जळलो.

मग मारुतीपुढे हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. तुम्ही काय मागितलं असतं?