मोहावरचा पाहुणा

सगुणाआजी मोहाच्या झाडाखालचा पाचोळा झाडून काढायची. आमच्या चोरखमारा गावाकडे हे नवलच. फुलं वेचायला जमीन मोकळी हवी म्हणून बाकीचे सरळ काडी लावतात. लोक हसायचे, "बुढी मोहाले अंगण करून राहिली!"

मी जंगलाच्या वणव्याविरुद्ध पत्रकं वाटत तिच्या दारी पोचले आणि विचारलं, "आजी, तुम्ही काऊन जाळत नाही?"

"तू खाटेखाली आगटी पेटवून झोपतेस काय, पोरी?" म्हणत तिने मला मोहाखाली उभं केलं. खोडावर, हात पुरेल तिथे, रास्नेचा झुबका होता. पिवळट-तपकिरी फुलं, जांभळी जीभ, आणि वास असा की मी बोलायचंच विसरले. असलं ऑर्किड इथे उगवतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"बांडगूळ नोहे थो," आजी म्हणाली. "पावना हाये. मोहाचं काही खात नाही, निस्ता वास देते."

यंदा मोह गळायला लागला आणि आजी तापाने पडली. सासूला वाकावं लागू नये म्हणून सुनेने पहाटे मोहाखाली काडी टाकली. वारा होता. जाळ खोडावर चढला. मी पोचले तेव्हा रास्नेची पानं उकडल्यासारखी लोंबत होती, मुळं कोळसा झाली होती. मी सुनेवर तोंड सोडलं, "डोळे फुटले होते काय तुझे?"

"तिले कायले बोलतेस?" आजी दारातून ओरडली. "मी कधी सांगतलंच नाही तिले. एकटीच झाडत बसलो."

मग अंगात ताप असताना ती काठी टेकत निघाली. शेजारच्या सुकरामच्या मोहावरही रास्ना होती, आणि सुकराम काडीपेटी घेऊन उभा होता. आजी त्याच्या पाचोळ्यात मांडी घालून बसली.

"पेटव."

"काकी, उठ ना वो. पागल झाली काय?"

"पेटव म्हनलं ना!"

तो पेटवेना, ती उठेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही तिला उचलून घरी नेलं. ताप उतरला नाही. त्याच आठवड्यात आजी गेली.

एका फुलापायी बुढीनं जीव दिला, असं गावात बोलतात. फुलाला बोल लावू नका. तिला हसत, एकटीला झाडत ठेवून, पाचोळ्यात तिला आपण बसवलं.