विमानाची खीळ

आमी तिघं हमीदच्या भट्टीवर बसलो की एका किश्श्याला दुसरा चिकटून येतो, अन् प्रत्येकात हिरो मार्तंडच असतो. हमीद लोहाराचा, मार्तंड पाटलाचा, अन् मी दिगू, कुणाच्याच लक्षात न राहणारा. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून आज मी सांगून राहिलो.

*

शिरड शहापुरात वऱ्हाड आलं, की परत निघताना त्यांच्या बैलगाडीच्या चाकाची खीळ काढून ठेवायची, ही आमच्या गावच्या पोरांची रीत. पाहुण्यांनी पानसुपारी दिली की खीळ परत. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. गाडीवान वर बसलेला असतानाही मी खीळ काढायचो.

एकदा करवलीनं विचारलं, "कुणी काढली?"

मी तोंड उघडायच्या आत मार्तंड म्हणाला, "आमी."

करवली त्याच्याकडं बघून हसली. पुढं तीच त्याची बायको झाली. माझं पोट दुखायला लागलं ते तवापासून.

*

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात आमच्या गायरानात विमान उतरलं. पेट्रोल संपलं होतं. आत रझाकारांसाठी बंदुकांच्या पेट्या, खाली दोन पहारेकरी. त्या बंदुका आपल्याच गावांवर चालणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. हिंगोलीहून बैलगाडीनं पेट्रोल येईस्तोवर वैमानिक निंबाखाली पडून असायचा. तोही पोरगेलाच. त्यानं अख्ख्या गावातून मार्तंडलाच जवळ बोलावून बिस्कीट दिलं. मार्तंडनं त्याचे तीन तुकडे केले. माझा मी खाल्ला न्हाई. मग खाल्ला.

*

विमान उडू द्यायचं न्हाई, असं आमच्या तिघांचं ठरलं. त्याच्या चाकांनाही खिळी होत्या, बैलगाडीसारख्याच, फक्त बारीक.

"काढायला जातं कोण?" हमीदनं विचारलं.

"मी जातो उद्या," मार्तंड म्हणाला.

काहून? खिळी काढण्यात उस्ताद मी, अन् जाणार हा? त्याच दुपारी, पहारेकरी भाकरी खात असताना, हमीदची पक्कड घेऊन मी पोटावर सरकत गेलो. खीळ काढली, कमरेला खोचली अन् गप्प बसलो. म्हटलं, उद्या हा रिकाम्या हातानं येईल, तवा बघू.

दुसऱ्या दिवशी मार्तंड आला अन् म्हणाला, "झालं काम."

खोटारडा! खीळ तर माझ्या कमरेला! पण बोललो असतो तर मीच आधी चोरून गेलो, हे निघालं असतं.

*

तिसऱ्या दिवशी पेट्रोल आलं. विमानाच्या दाराची कडी वाकली होती, म्हणून हमीदला नेलं. तो ठोकठाक करून आला. मग विमान धावलं, एक चाक सुटून घरंगळलं अन् विमान धुळीत उलटं झालं. चाक डावं का उजवं, कोण बघतं तवा! वैमानिक आत पट्ट्याला लोंबकळत होता, पेट्रोल गळत होतं. पहारेकरी पळाले. मार्तंड विळा घेऊन घुसला, पट्टा कापला अन् त्याला बाहेर ओढलं. पाय मी धरले होते. ते कुणी बघितलं न्हाई.

*

राज्य बदललं. विमान पाडलं म्हणून शाळेत मार्तंडचा सत्कार ठेवला. गुरुजी शालीची घडी मोडत होते, अन् मला राहवलं न्हाई. इतके महिने जपलेली खीळ मी टेबलावर ठेवली.

"विमान मी पाडलं. हा फुकटचा मिरवतो."

मार्तंडनं खिशातून तशीच एक खीळ काढली अन् माझ्या खिळीशेजारी ठेवली.



"दिगू, तू कोन्त्या चाकाची काढली?" मागून हमीदनं विचारलं.

"डाव्या."

"मंग ते न्हाई निघालं. डाव्यात मी खिळा ठोकला होता. कडी बसवायला गेलो तवा बघितलं, दोन्हीकडच्या खिळी गायब. एक चाक गेलं तर थोडक्यात भागतं. दोन्ही गेली असती, तर ते लेकरू वाचलं असतं का?"

गुरुजी शाल घेऊन तसेच उभे राहिले. मी हमीदकडं बघितलं, अन् माझं पोट पुन्हा दुखायला लागलं.