नवाची बाकी

मी गणिताची पदवीधर, लेखिका नव्हे. साठी उलटल्यावर प्रथमच काही लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, देवगडची. वडील हायस्कूलात गणित शिकवीत. निकालाआधी गुण घरातही कुणाला दिसू नयेत, हा त्यांचा नेम. पण गुण उतरवलेल्या पत्रकाचा पडताळा तर हवा. म्हणून पडवीत माझ्याकडे पाठ करून ते प्रत्येक उत्तरपत्रिकेवरच्या गुणांना नवाने भागत आणि उरलेली बाकी तेवढी मला सांगत. मी बाक्यांची बेरीज करून तिलाही नवाने भागी. ही बाकी पत्रकातल्या एकूण गुणांच्या बाकीशी जुळली की पत्रक बिनचूक ठरे. गुण मला कधीच कळत नसत.

"चेडवार विश्वास नाय, पण बेरीज मात्र चेडवानच करूची!" लेकीची बाजू घेऊन आई आतून टोमणा मारी.

"विश्वास आसा गो. पण नियम तो नियम," वडील म्हणत.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. बावन्नाच्या जागी चुकून पंचवीस उतरले, तरी बाकी सातच राहते; ही चूक या पडताळ्यात सापडत नाही, हे मला ठाऊक होते. एका दुपारी ते ओठांवर आले. पण वडिलांना शिकवणारी मी कोण? पुढची बाकी मिळवीत राहिले.

त्या वर्षी शेजारची मुलगी नववीला नापास झाली. गणितात पंचवीस. दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी येऊन म्हणाली, "ताई, माझो पेपर बरो गेल्लो गो. सरांका परत बघूक सांग."

"मियाच पडताळलंय. चूक नाय," मी म्हणाले.

घरच्यांनी तिची शाळा सोडवली. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाऊ लागली. पुढच्या मे महिन्यात रद्दीच्या गठ्ठ्यात तिची उत्तरपत्रिका माझ्या हाती आली. वर वडिलांच्याच अक्षरात बावन्न. मी ती तशीच गठ्ठ्यात सारली.

अलीकडे होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनचे गणित वाचू लागले आहे. कुलूपबंद आकडे न उघडताच त्यांची बेरीज करायची आणि कुलूप काढल्यावर ती बरोबर निघायची. तेथेही बाक्याच आहेत. फक्त भाजक प्रचंड. कुलपात घातलेला आकडा मुळात खरा होता का, हे मात्र ती बेरीज सांगत नाही. मी तर ते बावन्न उघडे पाहिले होते; माझ्यापाशी तेवढी सबबही नव्हती.

वडील आता नाहीत. शेजारची ती मुलगी अजून बाजारात भेटते, आपुलकीने विचारपूस करते. तिला हे आता सांगावे का?