मंजूर नमुना, घोंगडी एक

किस्से साठायला मोठं ऑफिस लागतं म्हणतात. साफ खोटं! पन्नासच्या दशकात इंदापूरच्या आमच्या सरकारी स्टोअरमध्ये माणसं दोनच. खरेदी कारकून मी आणि स्टोअरकीपर तात्या. मी रत्नागिरीकडचा, गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. तात्यांची बायको वारलेली. त्यामुळे एकेक किस्सा आम्ही दहादा एकमेकांनाच सांगायचो.

*

कंदील घ्यायचे होते. नियम तीन दरपत्रकांचा आणि इंदापुरात कंदिलाचं दुकान एकच! तात्या एस.टी.नं बारामतीला गेले.

तिथला दुकानदार म्हणाला, "का वो, इंदापुरात कंदील मिळत न्हाईत व्हय?"

"मिळत्यात की! पर तिघांनी सांगितल्याबिगर सरकारचा इस्वास बसत न्हाय."

*

माल पारखायला मी तात्यांकडूनच शिकलो. एक व्यापारी विहिरीच्या कामाचा दोर घेऊन आला आणि अर्धा तास त्याचं कौतुक करत बसला.

तात्या शांतपणे म्हणाले, "लई झ्याक. चला मग, आधी तुमी उतरा हिरीत."

व्यापाऱ्यानं गाठोडं उचललं आणि गेला.

*

टेंडर जाहीरपणे उघडायचं, दर मोठ्यानं वाचायचे, हाही नियमच. एकदा चिटपाखरू आलं नाही. रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचायचं तरी कसं? मला रडूच यायला लागलं. तात्या उठले, टोपी नीट केली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले.

"जनता हजर हाय. वाचा, सावंतराव!"

*

मग वरून हुकूम आला, की खरेदीच्या माणसांनी खातेपरीक्षा द्यायची. नापास झाला तो स्टोअरबाहेर. तात्यांना थेट कालव्यावर मुकादम व्हावं लागणार! तात्या गेले तर बोलायचं कुणाशी?

मी त्यांच्याकडून नियम घोकून घेतले. एक तर रोजच: मंजूर मालाचा नमुना लाखेनं सील करून कपाटात ठेवायचा आणि ते सील फक्त कमिटीसमोर फोडायचं.

बारामतीला तोंडी परीक्षेत पुण्याच्या साहेबांनी नेमकं तेच विचारलं. तात्यांनी घडाघडा सांगितलं. साहेब खूश! सहज म्हणाले, "कमिटीशिवाय कधी फोडलंत का?"

'नाही' म्हटलं की सुटले होते. मी शेजारीच बसलो होतो.

"व्हय, एकदा. ह्या सावंतरावांना हिवताप भरला व्हता, थडथडत व्हते. नमुन्याची घोंगडी काढली आन् अंगावर घातली."

मी पास झालो.

*

चार्ज देताना तात्या कपाटातून एकेक नमुना काढत होते, मी यादी लिहीत होतो. शेवटी घोंगडी निघाली. मी लिहिलं, 'मंजूर नमुना, घोंगडी एक', आणि लाख तापवायला घेतली.

तात्यांनी माझा हात धरला.

"वापरलेली म्हणून लिवा. आन् सील नगा लावू, सावंतराव. पुन्ना ताप आला तर फोडायला हितं कोण हाय?"