न झिजणारं पातं

शब्बीरभाई गेल्याची बातमी मला केजच्या बाजारात कळली, तीही दफन उरकल्यावर. "तुमाला कळवायला दुकानात कोन व्हतं?" असं म्हणून सांगणारा पुढं सरकला. मला राग आला. कुणाचा, ते महिना झाला तरी ठरत नाही...

नांदूरघाटला त्यांचं धार लावायचं दुकान. लोक वैरण कापायच्या कडबाकुट्टीची पाती आणायचे आणि धार लागेपर्यंत बाकावर बसून गावभरच्या उचापती काढायचे. शब्बीरभाईंना कामापेक्षा ही बैठक प्यारी. मी जनावरांना कृत्रिम रेतन करणारा, म्हणून सगळ्यांचा 'डॉक्टर'. रेतनाच्या नळ्या ज्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात, त्याची पांढरी वाफ बघून ते एकदा म्हणाले, "डॉक्टर, एवढ्या गारठ्यात बी टिकतंय, मंग लोखंड कावून टिकनार न्हाई?"

तापलेलं लोखंड बुडवून त्याला पाणी द्यायची जन्माची सवय. पहिलं पातं त्यांनी माझ्याकडच्या नायट्रोजनमध्ये तसंच एकदम बुडवलं आणि ते ताडकन तडकलं. मग दुकानासमोर उघड्यावर, थर्माकोलच्या खोक्यात, आधी वाफेवर टांगायचं, हळूहळू खाली सोडायचं, दिवसभर ठेवायचं, बाहेर काढून गारठा आपोआप उतरू द्यायचा आणि शेवटी मंद आचेवर शेकायचं, हे जमायला बरीच पाती वाया गेली. पण जमलं. पोलाद आतून घट्ट झालं, धार हटेना.

आणि तिथंच बिनसलं. महिन्याला येणारी माणसं वर्ष वर्ष फिरकेनात. बाकावर भंगार साचलं. भाभी मला म्हणाल्या, "डॉक्टर, सांगा की यांना, साधीच धार लावा म्हून. मानसं तरी येतील." शब्बीरभाई खाली मान घालून म्हणाले, "मुद्दाम कच्चं कसं देऊ? हात वळत न्हाई."

पुढं माझं काम सुटलं, मी युसूफ वडगावला राहायला आलो. शेवटचा गेलो तेव्हा माझं पातं त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "लई बेस हाय. म्हंजे वरीसभर तुमचं काम न्हाई हितं," म्हणून हसले, पण पातं लवकर हातातून सोडलं नाही.

ते आजही गोठ्यातल्या कडबाकुट्टीला आहे. सकाळी म्हशींना वैरण कापण्याआधी मी धारेवरून अंगठा फिरवतो. बोथटपणा हुडकतो, सापडत नाही... एक तरी पातं कच्चं द्यायचं होतंत, भाई. मी आलो असतो.