सुनंदाचं स्थळ आणि पमीचं पुस्तक

माझ्या नणंदेचं जमत आलेलं लग्न मी एका चित्रांच्या पुस्तकानं मोडत आणलं होतं. पुस्तक चांगल्या कामासाठीच केलं होतं. (बिघडलेली सगळी कामं चांगल्या हेतूनंच सुरू होतात, असं आमचे हे म्हणतात. त्यांना बोलायला काय जातंय, त्यांनी कधी काही सुरूच केलं नाही!)

झालं असं. आमची पमी तेव्हा सात वर्षांची होती. पमी स्वमग्न आहे. पुण्याच्या ज्या मॅडमकडं आम्ही तिला दाखवायला न्यायचो, त्या त्याला ऑटिझम म्हणायच्या, आणि आमच्या आणे गावात जो तो आपापलं निदान सांगायचा. फाट्यावरून जाणाऱ्या एसट्यांच्या पाट्या पमीला तोंडपाठ होत्या, पण समोरचा माणूस हसतोय की रडतोय, हे तिला चेहऱ्यावरून उमगायचं नाही. मॅडम म्हणाल्या, चेहऱ्यांच्या चित्रांचं पुस्तक रोज दाखवा. आनंद, दुःख, राग, भीती. एक पुस्तक त्यांनी दिलंही. त्यात सगळी सोनेरी केसांची गोरीपान पोरं. पमीनं पहिलं पान उघडलं, एका हसऱ्या पोराच्या केसांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मक्याचं कणीस." पुढच्या पानावर पोरगं रडत होतं. तेही कणीसच.

मी म्हटलं, चुकतंय ते पुस्तकाचं. पोरीला घरचे चेहरे पाहिजेत. मी शिवणकाम करते; चिंध्यांची गोधडी करणारीला चार पानांचं पुस्तक काय अवघड? आळेफाट्याच्या फोटोवाल्याकडून दिवसभरासाठी कॅमेरा आणला आणि सासऱ्यांना, म्हणजे आबांना सांगितलं, "आबा, तुमचा आनंदाचा फोटो काढायचाय."

आबा आत गेले. आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली, खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "काढ."

"आबा, हसा की."

"हसतोय की."

"दिसत न्हाई."

"फोटोत दात काढायचं नसतं. आपल्यात कुनी काढल्यात का?"

खरं होतं. आमच्या भिंतीवरचे सगळे फोटो कोर्टात निकाल ऐकायला उभे असल्यासारखे आहेत. काढला तसाच फोटो आणि खाली लिहिलं, 'आनंद'.

मग सासूबाईंना म्हटलं, "जरा रागावून बघा."

"मी? मी कवा रागावते गं? साऱ्या गावात माझ्यावानी शांत बाई दाखव. आनि ह्ये तू पोरीच्या पुस्तकात चिकटवनार? लोकं काय म्हनतील?" तेवढ्यात फोटो निघालाही होता. इतका जिवंत फोटो मी पुन्हा काढू शकले नाही.

भीतीसाठी ह्यांना समोर उभं केलं आणि सांगितलं, माझी आई महिनाभर राहायला येतेय. तेही काम झटक्यात झालं.

अडलं ते दुःखापाशी. जित्या माणसाचा रडका फोटो काढू नये, असं सासूबाईंचं म्हणणं. कुणी तयारच होईना. शेवटी मी माझ्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात माझ्या पाठवणीचा फोटो होता. जरीच्या काठाची पांढरी साडी, केसांत हा एवढा गजरा, आणि तोंडाचा आ वासून मी रडतेय. कात्रीनं कापला, चिकटवला. झालं पुस्तक.

पमीला ते लई आवडलं. काखेत घेऊन झोपायची. महिनाभरात बोट ठेवलं की अचूक सांगायला लागली. मी तर सरळ मॅडमना फोन लावला आणि म्हटलं, बाकीच्या आयांना शिकवायचं असेल तर मी येऊन जाईन.

अशातच माझी नणंद सुनंदा हिला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा विलास, राहणारा अवसरी खुर्दचा, पण आळेफाट्याला विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. आमची मोटार बंद पडली की तोच यायचा. मोटार बंद पडली की घरातले सगळे कपाळाला हात लावायचे आणि सुनंदा तेवढी आरशापुढं जायची. आधीची स्थळं तिनं नाकारली होती. आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, ह्ये हुकलं तर मी परत कुनापुढं बसनार न्हाई. कायबी कर, पन जमव."

म्हटलं, "माझ्यावर सोड."

घरातली सगळ्यात भारी साडी म्हणजे माझी लग्नातली. तीच पांढरी, जरीच्या काठाची. मी स्वतः तिला नेसवली आणि गजराही माळला.

विलास, त्याची आई आणि मामा आले. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. सुनंदा खाली मान घालून चहा घेऊन आली. कोपऱ्यात बसलेली पमी उठली. तिनं साडीकडं बघितलं, गजऱ्याकडं बघितलं, पुस्तक उघडून पान काढलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "दुःख. आत्या रडते."

मामांनी बशी खाली ठेवली. "पोर काय म्हनती?"

"काही न्हाई, लहान हाय," सासूबाई म्हणाल्या.

"दुःख," पमीनं न ऐकलेल्यांसाठी पुन्हा सांगितलं.

आता बघण्याच्या कार्यक्रमात मोठ्यांच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, पण लेकरू बोललं की सगळे कान टवकारतात. घरात आत काय चाललंय ते लेकरूच बाहेर सांगतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विलासची आई हळूच म्हणाली, "पोरीच्या मनात नसंल तर जबरदस्ती नको बाई. आमी निघतो." हे ऐकून सुनंदाला खरंच रडू फुटलं. बघा, म्हणजे पुरावाच मिळाला.

"थांबा," मी म्हटलं, "पुस्तक बघा, सगळा उलगडा होईल." आणि पमीच्या हातातलं पुस्तक घेऊन मी विलासच्या आईला दिलं.

पहिल्याच पानावर सासूबाई. खाली मोठ्या अक्षरात 'राग'. तिनं फोटोकडं बघितलं, मग सासूबाईंकडं बघितलं. सासूबाई त्या वेळी माझ्याकडं अगदी तशाच बघत होत्या.

पुढच्या पानावर आमचे हे. "ह्ये कुनाला भ्याल्यात?" मामांनी विचारलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यापुढच्या पानावर आबा.

"आनि ह्यो आनंद?" मामा म्हणाले.

आबा दुखावले. "मग काय हाय?"

मी सांगत होते, पोर चेहरा बघत नाही हो, साडी बघते, साडी माझी आहे, रडतेय ती मी. पण माझं कोण ऐकतंय? मामा उठले. "चल रं विलास."

विलास उठला नाही. बिचाऱ्याला आईनं तोंड उघडू नको म्हणून बजावून आणलं होतं. तो खुर्चीत ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडं बघत होता. पमीनं पुस्तक परत ओढून घेतलं आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. त्याचे हात बघितले. मग मान वर करून त्याचं तोंड बघितलं, बराच वेळ बघितलं. पान काढलं आणि म्हणाली, "आनंद."

"काय रं?" आईनं विचारलं. "आनंद झालाय व्हय तुला?"

विलासचे कान लाल झाले. "व्हय," तो म्हणाला. आणि एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "आये, ह्यांची मोटार एकदाच जळली व्हती. बाकी येळंला नुसती वायर काढून ठेवल्याली असायची."

आबांनी सावकाश मान वळवून सुनंदाकडं बघितलं. हंगामभर बिचारे कांद्याला पाणी नाही म्हणून तळमळत होते. सुनंदानं पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं नव्हतं. विलासची आई तर हसून हसून वाकली. "अगं बया, पोरगी आमच्यापेक्षा हुशार निघाली की!"

मला मात्र भरून आलं. पमीनं परक्या माणसाच्या तोंडाकडं मान वर करून बघितलं होतं, आणि बरोबर सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पमीनं एकदा माझ्याकडं बघितलं, पण मी गजरा माळला नव्हता, त्यामुळं तिनं दखल घेतली नाही.

मामा खाली बसले, दुसरा चहा झाला, सुपारी फुटायची बोलणी सुरू झाली. "आमची मागनी कायबी न्हाई," विलासची आई म्हणाली, "पन एक अट हाय."

सुनंदानं माझा हात घट्ट धरला.

"लग्नात कॅमेरा ह्या वहिनींच्या हातात द्यायचा न्हाई."

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मंजूर." आणि आबा, हे, सुनंदा, सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. आमच्या घरात एकमतानं झालेला असा निर्णय मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.